तांबड्या पेनाला सुट्टी

गेल्या अंकात मी चार महिन्यांत वाचलेल्या पुस्तकांविषयी लिहिलं होतं. एरवी या सदराकडे महिन्याला पाच-सहा पत्रं येतात आणि त्यातली दोन तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या शंकांची असतात. या वेळी छत्तीस आली. निम्मी रागाची आहेत. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ज्यांना उत्तर द्यायची खुमखुमी आली आणि ज्यांच्यापुढे माझी बोलती बंद झाली, अशी दोन्ही प्रकारची निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच, की मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. एकाने लिहिलेलं, दुसऱ्याने जुळवलेलं, तिसऱ्याच्या हाती पडण्याआधी तपासायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा.

प्रश्न : एकतीस वर्षं पुस्तकांत काढलीत आणि ‘स्मृतिचित्रे’ निवृत्तीनंतर पहिल्यांदा वाचलंत, हे कसं? लिहायला संकोच नाही वाटला? (एक निवृत्त शिक्षिका)

वाटला ना, बाई. पण आधी एक गैरसमज दूर करतो. मुद्रितशोधक वाचत नाही, तो बघतो. सोळा पानांचा फर्मा समोर आला की त्यातली नायिका, पाऊस, विरह यांच्याशी त्याला कर्तव्य नसतं. वेलांटी पहिली की दुसरी, रफार शेजारच्या अक्षरावर तर सरकला नाही ना, उघडलेलं अवतरणचिन्ह मिटलंय का, एवढंच बघायचं. गोष्टीत गुंतलात की चूक निसटलीच. आमचे वस्ताद तर सुरुवातीला ओळ शेवटाकडून तपासायला लावायचे, म्हणजे मजकूर डोक्यात शिरायलाच नको. एकदा बायकोने एक कादंबरी संपवली आणि डोळे पुसत म्हणाली, “शेवटी गेली हो बिचारी.” मी विचारलं, “कोण?” ती कादंबरी मी तीनदा तपासली होती, गॅलीत, पानांत आणि मशीनवर चढण्याआधी पुन्हा एकदा.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 1934 ते 1936 या काळात भागाभागांनी छापून आलं. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून. आणि नवरा कोण, तर ना. वा. टिळक : कवी, उदार, तापट, लहर लागली की न सांगता घरातून निघून जाणारे. त्यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली पाच वर्षं या जोडप्याची जी ओढाताण झाली, तिथे पोचताना मी मनाची तयारी करून बसलो होतो, की आता रुमाल लागणार. आणि बाई हसवतात! दुःख लपवतात असं नाही. त्यांचं वाक्य दुःखाच्या उंबऱ्यापर्यंत येतं आणि तिथून भलतीकडेच वळून कुणाची तरी, बहुतेक वेळा स्वतःचीच, फजिती सांगायला लागतं. सवयीने मी दोनदा पेन्सिल उचलली. इथे परिच्छेद मोडायला हवा होता, इथे कर्ता हरवलाय. दोन्ही वेळा खाली ठेवली. तिसऱ्या वेळी उठून पेन्सिलच दुसऱ्या खोलीत ठेवून आलो.

प्रश्न : गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ तुम्ही दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत, पाठोपाठ वाचलंत. प्रवास तोच, माणूस तोच. मग दोनदा कशाला?

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेकडे बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं म्हणून 1857 साली काकांबरोबर निघाले आणि थेट बंडाच्या तोंडी सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हा माणूस शहरात होता. वाटेत कितीदा तरी लुटला गेला. ही हकिगत त्यांनी पुढे 1883 च्या सुमारास लिहून काढली, ती चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 मध्ये छापली. वैद्यांनी ती संपादून छापली. 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम ती पुन्हा प्रसिद्ध केली.

मी आधी वैद्यांची वाचली. आवडली. नेटकी आहे, घडी घातलेल्या धोतरासारखी. मग पोतदारांची उघडली आणि पहिल्या दहा पानांतच कळलं, की मघाशी मी भटजींबद्दल वाचत होतो, आता भटजी स्वतः बोलताहेत. थांबतात, मागे जातात, एकच गोष्ट पुन्हा सांगतात, मध्येच कुठे किती दक्षिणा मिळाली त्याचा हिशेब देतात. झाशीची राणी काल्पीकडे जाताना त्यांना वाटेत एका विहिरीपाशी भेटते, तो प्रसंग पुष्कळांना ऐकून माहीत असेल. अंगावर पुरुषी वेष, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे होतात आणि ती त्यांना शेंदू देत नाही. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असं म्हणून स्वतः काढते. पुढे या भेटीचं काय काय होणार हे भटजींच्या गावीही नाही. ते आपले एका दमलेल्या बाईची गोष्ट सांगताहेत. शेवटी हा माणूस घरी परततो तेव्हा दक्षिणा लुटीत गेलेली आणि खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड. ती लुटण्यात कुणालाच रस नव्हता!

वैद्यांचा मला राग आला का, असं आणखी एका पत्रात विचारलंय. नाही आला. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. खरं सांगायचं तर याहून जास्त केलं असतं, आणि संध्याकाळी समाधानाने घरी गेलो असतो. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बसलो होतो त्या तीन दिवसांत मला पहिल्यांदा असं वाटलं, की मी आयुष्यभर घड्या घालत होतो.

प्रश्न : ‘कोसला’बद्दल ‘अर्ध्यापर्यंत वैतागलो, मग हललो’ असं एकाच वाक्यात लिहिलंत. नक्की काय ते ठरवा. मी तीनदा वाचलीय. (एक विद्यार्थी)

दोन्ही ठरलेलं आहे. नेमाड्यांच्या या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर दर दोन वाक्यांनी ‘उदाहरणार्थ’ म्हणतो आणि उदाहरण देतच नाही. ‘वगैरे’ तर मी मोजायला घेतले होते, नाद सोडला. पहिली शंभर पानं माझा हात नुसता शिवशिवत होता. मग त्याची धाकटी बहीण मणी देवीने जाते. तिथे मला उमगलं, की ज्याला मुद्द्याचं बोलवत नाही तो माणूस ‘वगैरे’च्या आड जाऊन उभा राहतो. इतकी वर्षं मी ज्या शब्दावर काट मारत आलो, तो इथे भिंतीसारखा वापरलाय. तुझ्या वयात वाचली असती तर वैतागलो नसतो हे खरं. पण मणीपाशी पोचल्यावर पुस्तक मिटून बसावंसंही बहुधा वाटलं नसतं.

प्रश्न : ‘युगान्त’ वाचल्यावर ‘मृत्युंजय’ पुन्हा वाचवेना, असं आपण लिहिलंत. हा कर्णाचा अपमान आहे. माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी त्यांना ‘मृत्युंजय’ रोज थोडं थोडं वाचून दाखवत असे. आपलं वाक्य वाचून वाईट वाटलं.

आपलं पत्र दोनदा वाचलं. उत्तर देतो, पण आपल्याला खोडून काढायला नाही.

ही दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी, 1967 मध्ये आली, हीच मुळात गंमत आहे. शिवाजी सावंतांच्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात. मी ती सतराव्या वर्षी वाचली, म्हणजे धंद्यात पडण्याआधी, म्हणजे खरोखरची वाचली. रात्री दिव्याखाली, कर्णाच्या बाजूने मुठी आवळून. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्या कुणाच्याच बाजूने मुठी आवळत नाहीत. भीष्मापासून सुरुवात करतात आणि एकेकाला समोर बसवून विचारतात, तू हे का केलंस? ‘मयसभा’ हा लेख वाचेपर्यंत खांडववन जाळलं म्हणजे एक रान पेटवलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यात कोण कोण राहत होतं, जीव घेऊन पळणाऱ्यांना परत आगीत कुणी लोटलं, याचा मी विचारच केला नव्हता. कर्णावरही लेख आहे आणि त्यालाही सवलत नाही.

इरावतीबाईंच्या हाताशी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती होती, आणि इथे मला माझ्या धंद्याविषयी चार शब्द बोलू द्या. 1919 मध्ये सुरू झालेलं ते काम 1966 मध्ये संपलं. देशभरातली शेकडो हस्तलिखितं ओळीला ओळ लावून ताडली, कुठे काय मागाहून घुसलंय ते बाजूला काढलं आणि खाली टिपांत ठेवलं. फेकून दिलं नाही, हे लक्षात घ्या. सभेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो सगळ्यांचा पाठ असलेला भाग मुख्य संहितेत नाही, तो टिपांत गेलाय. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानाकडे बघत होतो. कुण्या अनाम लेखनिकाला, किंवा अशा अनेकांना, त्या बाईला सभेत एकटं सोडवलं नसावं, असं मला वाटत राहिलं. मूळ पोथीत त्याने चूक घातली म्हणायची की काय म्हणायचं?

‘मृत्युंजय’ मला आता पुढे नेता आली नाही, कारण विशेषणं आडवी येतात. ती माझ्या डोळ्यांची खोड आहे, कर्णाची नाही. मोठ्याने वाचताना त्याच विशेषणांना लय सापडत असणार. वडिलांना वाचून दाखवायला बसलो असतो तर ‘युगान्त’ मी उचललं नसतं.

प्रश्न : रहस्यकथा वाचताना शेवट आधी बघता का?

मी नाही, बायको बघते. त्यावर आमचं पस्तीस वर्षं भांडण आहे. तिचं म्हणणं, खुनी कोण ते कळलं की निवांत वाचता येतं. गेल्या महिन्यात एका अनुवादित रहस्यकथेत गंमत झाली (नाव सांगत नाही, कुणाची तरी नोकरी जायची). तिसऱ्या प्रकरणात, जिथे ‘त्या अनोळखी माणसाने’ दार उघडलं, तिथे छापणाऱ्यांच्या चुकीने त्याचं नावच छापलं गेलं होतं. दोनशे पानं मी ते नाव विसरायचा प्रयत्न करत काढली. बायको म्हणाली, “बघ, कसं छान वाटतं.”

प्रश्न : जाड पुस्तकांना तुम्ही भिता, असं तुमच्या यादीवरून वाटतं.

भितो. डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत. पण ‘रणांगण’ बारीक आहे म्हणून उचलाल तर फसाल. विश्राम बेडेकरांनी 1939 मध्ये लिहिलं, युरोपातून निघालेल्या बोटीवर घडतं, हर्टा नावाची ज्यू मुलगी आणि एक मराठी तरुण. एका दुपारी संपलं. नंतर तीन-चार दिवस दुसरं काही उघडवेना. जाड पुस्तकाने माझे असे दिवस कधी घेतले नाहीत.

प्रश्न : साठी उलटल्यावर विज्ञानकथा? आमच्या नातवाने विचारलंय, तुम्हाला त्यातलं कळतं का?

नातवाला सांगा, विज्ञान कळत नाही, कथा कळते. जयंत नारळीकरांनी त्यांची पहिली विज्ञानकथा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपली आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. मोठ्या शास्त्रज्ञाची म्हणून बक्षीस नको होतं. बक्षीस मिळालंच. ओळ उलटी तपासणाऱ्या माणसाला हे आवडणारच.

पण मला गुंतवलं ते ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ने. इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात जिथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. कारण एवढंच, की विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे चाटून गेली. परत येतात तेव्हा खिशात त्या जगातल्या बखरीचं फाटलेलं पान असतं. इकडच्या बखरीत गोळी लागते, तिकडच्या पानात चुकते. बाकी मजकूर तोच! आमच्या भाषेत याला पाठभेद म्हणतात. मी आयुष्यभर असे पाठभेद जुळवले आणि प्रत्येक वेळी धरून चाललो, की एक बरोबर आणि दुसरा चूक. दोन्ही पानं बरोबर असू शकतात, ही कल्पना मला त्या रात्री झोपू देईना.

प्रश्न : ‘वाडा चिरेबंदी’ नाटक आहे. नाटक बघायचं की वाचायचं?

दोन्ही. रंगमंचावर माणसं भांडत असतात तेव्हा अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर प्रेक्षक विसरतो आणि कुणीतरी ठेचकाळलं की त्याला आठवतो. वाचताना मी तो विसरलोच नाही, प्रत्येक पानावर होता. कुठलं बरं, ते ठरवता आलेलं नाही.

प्रश्न : सगळ्यांवर पान-पान लिहिलंत आणि बहिणाबाईंवर दोन ओळी. कविता आवडत नाहीत का?

दोन ओळी लिहिल्या कारण तिसरी लिहायला बसलो की एक जुनी गोष्ट आठवायची आणि पेन थांबायचं. आता लिहून टाकतो.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचत गेल्या. घरच्यांनी जमेल तशी उतरून घेतली. 1951 मध्ये त्या गेल्या. मग चिरंजीव सोपानदेवांनी ती कागदावरची गाणी अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1952 मध्ये पुस्तक निघालं. त्यातला मनासाठी आलेला ‘वढाय’ हा शब्द घ्या. प्रमाण मराठीत ‘ओढाळ’. माझ्या हाती ते प्रूफ आलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण मी ते एकदा केलेलं आहे.

धंद्यात सात-आठ वर्षं झाली होती. एका नवख्या लेखकाचा कथासंग्रह आला. निवेदन प्रमाण भाषेत, पण एक आजी होती, ती तिच्या बोलीत बोलायची. तिच्या बोलण्यात मी ‘न’चे ‘ण’ केले, ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं, क्रियापदं सरळ केली. कुणी सांगितलं नव्हतं. तांबडं पेन हातात होतं, एवढंच कारण. प्रूफं लेखकाकडे गेलीच नाहीत, घाई होती. पुस्तक छापून आल्यावर तो भेटायला आला. रागावला नाही. ती कथा उघडून म्हणाला, “ही आमची आजी नाही. ही कुणीतरी शिकलेली बाई आहे.” आणि प्रत टेबलावर ठेवून गेला. त्याने पुढे काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. ती प्रत माझ्याकडे आहे. बहिणाबाई वाचताना ती काढली, दोन पानं वाचली. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

प्रश्न : पुस्तक अर्धवट सोडलं तर पाप लागतं का?

मला पूर्ण वाचण्याचा पगार मिळायचा. तुम्हाला मिळत नाही ना? मग सोडा.

प्रश्न : माझी पहिली कादंबरी प्रकाशकाकडे आहे. पात्रांची बोली ‘जरा सुधारून’ द्या म्हणतात, नाहीतर शहरी वाचकाला कळणार नाही. काय करू? (एक तरुण लेखिका)

बेटा, तुझं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

प्रकाशक वाईट हेतूने म्हणत असेल असं नाही. त्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचायला सांग. 1955 चं पुस्तक. मास्तर प्रमाण मराठीत सांगतो, धनगर आपल्या बोलीत बोलतात, आणि कुणाचंच काही अडलेलं नाही. कारभाऱ्याची दोन वाक्यं झाली की कान बसतो. वाचकाला मठ्ठ समजू नये. वर सांगितलेल्या संग्रहातली आजीही कळली असती लोकांना.

आता कामाचं. बोलीतल्या शब्दांची एक यादी कर, प्रत्येक शब्द कसा छापायचा ते ठरव आणि पुस्तकभर तेच पाळ. पान वीसवर ‘व्हतं’ आणि पान साठवर ‘हुतं’ दिसलं, की मुद्रितशोधक ती चूक धरणार आणि तिथून पुढे त्याचं पेन सुटणार. यादीची एक प्रत त्याच्यासाठी संहितेला जोड. प्रूफं बघायला मिळतील, हे आधी लेखी घे. आणि आली की जिथे जिथे कुणी ‘सुधारलं’ असेल, तिथे मूळ शब्दाखाली टिंबं दे आणि समासात लिही : तसंच ठेवा. त्या टिंबांचा अर्थ या धंद्यात सगळ्यांना कळतो.

यादी करताना अडलीस तर या सदराच्या पत्त्यावर माझ्याकडे पाठव. पेन्सिलीने बघीन.